प्रसादाचा कण आणि बाळाचं तोंड

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा इथल्या आपल्या परिवार-ग्रुपांवर गेले काही दिवस एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत फिरतो आहे. आरतीनंतर चार महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर प्रसादाचा कण ठेवावा का? आजी म्हणतात, एवढासा कण, त्याने काय होणार, उलट आशीर्वाद लागेल. सूनबाई म्हणतात, डॉक्टरांनी सहा महिने काहीच द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि मधे उभा असलेला मुलगा कुणाकडेच बघत नाही, चपला शोधायला निघून जातो. एका ताईंनी तर स्पष्टच विचारलं, "मी नको म्हटलं तर तो प्रसादाचा अनादर होतो का?"

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो: अनादर होत नाही. कण ठेवू नये. पण नुसतं उत्तर देऊन भागत नाही. कारण आजींचा हात प्रेमाने पुढे आलेला असतो, आणि प्रेमाने पुढे आलेला हात थांबवायचा तर तसं कारण हवं.

आधी जे पक्कं ठाऊक आहे ते बघू. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं. पाणीसुद्धा लागत नाही, सुरतेच्या मे महिन्यातही नाही, कारण आईच्या दुधात शंभरात सुमारे ८८ भाग पाणीच असतं. पूर्वी डॉक्टरच चार ते सहा महिन्यांच्या मधे कधीही सुरू करा असं सांगायचे. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने हा एकच आकडा धरला. म्हणून आज ज्या आजींना "आमच्या वेळी डॉक्टरांनीच चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी सांगितलं होतं" असं आठवतं, त्या खोटं बोलत नाहीत. सूनबाईही खोटं बोलत नाही. दोघी आपापल्या काळाचं बरोबर सांगताहेत. घरातली अर्धी भांडणं इथेच मिटायला हरकत नाही.

गंमत म्हणजे शास्त्र आणि डॉक्टर इथे फारसे लांब नाहीत. आश्वलायन आणि पारस्कर ही दोन्ही गृह्यसूत्रं अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगतात, मनुस्मृतीही तेच सांगते. आपल्याकडे मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात उष्टावण करायची रीत आहे. तेव्हा मुलीसाठी पाचवा न धरता सातवा धरला, आणि मुलाचं सहा महिने भरल्यावर केलं, की रीतही राहते आणि पोटही सांभाळलं जातं. यात कुणाला काही सोडावं लागत नाही.

सोडावं लागतं ते मधाच्या बाबतीत. आश्वलायनाने दही, मध आणि तूप मिसळलेलं अन्न बाळाला द्यायला सांगितलं आहे. आणि आजचे डॉक्टर सांगतात, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटही नको. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं, श्वासापर्यंत येतं. हा आजार बाळांमध्ये होतो हे १९७६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ओळखला गेल्यावर कळलं. ऋषींना हे माहीत असणं शक्यच नव्हतं. आता हे आपल्याला माहीत झाल्यावरही मध चाटवायचा का? पंचामृतात मध असतो, बऱ्याच घरच्या गुटीतही असतो, म्हणून हा प्रश्न पुस्तकातला नाही, दर गुरुवारचा आहे.

आमच्या मते संस्कार हा बाळासाठी असतो, बाळ संस्कारासाठी नसतं. ज्यांनी मध सांगितला त्यांना बाळाला उत्तम ते द्यायचं होतं, आणि त्या काळी मधापेक्षा उत्तम काय होतं? तो हेतू पाळायचा तर आज मध वगळावाच लागतो. शब्द पाळून हेतू मोडणं याला श्रद्धा म्हणता येईल असं आम्हाला वाटत नाही.

"आमची पाच-सहा पोरं असंच खाऊन मोठी झाली," हे वाक्य इथे येतंच. ते हसण्यावारी नेऊ नये. पण त्याच आजींना शेजारी बसवून हळूच विचारा, किती झाली आणि किती राहिली? धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कितीतरी आज्यांच्या मनात एखादं नाव असतं जे कुणी घेत नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. लसी, स्वच्छ पाणी, दवाखान्यातलं बाळंतपण, अशी त्याची अनेक कारणं आहेत, एकट्या घासाचं हे श्रेय नाही. पण जी मोठी झाली तीच सांगायला उरतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कण देण्यात आनंद कुणाचा?

आपल्या मराठीत या विधीला फार सुंदर शब्द आहे, उष्टावण. एरवी उष्टं म्हणजे टाकायचं, देवापुढे तर चालतच नाही. आणि इथे बाळाने अन्नाला तोंड लावून ते उष्टं केलं म्हणून आपण सोहळा करतो, मामाला बोलावतो, अंगठीने खीर चाटवतो. शब्द नीट ऐकला तर त्यात काम कुणाचं आहे? बाळाचं. उष्टं करणारं बाळ आहे. मामाचा हात निमित्त आहे. हा सोहळा भरवणाऱ्याचा नाही, खाणाऱ्याचा आहे. बाळ पहिल्यांदा आईच्या अंगापासून वेगळं असं काहीतरी स्वतः घेतं, तोंडात घोळवतं, गिळतं किंवा थुंकून टाकतं. त्या घासापासून ते आपल्या पंगतीत एक पान मांडून बसलं.

आणि पंगतीतल्या माणसाला "पुरे" म्हणायचा हक्क असतो.

इथे आपली खरी अडचण सुरू होते, कारण आपण आग्रहाची माणसं आहोत. खान्देशी घरात पाहुण्याने एकदा नाही म्हटलं तर ते नाही धरतच नाहीत. त्यात आपण राहतो सुरतेत, जिथे जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत असं लोक अभिमानाने सांगतात. मोठ्या माणसाला आग्रह कळतो, तो हसून हात आडवा धरतो, ताटावर वाकतो. बाळाकडे एवढंच असतं, की मान फिरवायची, ओठ मिटायचे, जिभेने बाहेर ढकलायचं. हे त्याचं पहिलं "नको" आहे, आणि आपण काय करतो? हात धरतो, मोबाइलवर गाणं लावतो आणि त्याचं तोंड आश्चर्याने उघडं राहिलं की चमचा आत सारतो. चिऊचा घास, काऊचा घास इथपर्यंत खेळ होता. पुढे तो खेळ राहत नाही.

कुणी म्हणेल, बाळाला काय कळतं? लस टोचताना ते रडतंच की, म्हणून काय लस टोचायची नाही? प्रश्न रास्त आहे. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. गोवर म्हणजे काय हे बाळाला कळू शकत नाही, ते आपल्यालाच कळतं, म्हणून तिथे निर्णय आपला. काय शिजवायचं, किती वाजता बसायचं, काय द्यायचं नाही, हेही आपल्यालाच कळतं, म्हणून तेही आपलं. पण पोट भरलं की नाही हे? ते जगात फक्त एकाला कळतं आणि तो सहा महिन्यांचा आहे. जिथे ज्याला जास्त कळतं तिथे त्याचं ऐकायचं, एवढा साधा न्याय आहे. वय बघून तो बदलत नाही.

तैत्तिरीय उपनिषदातली भृगूची गोष्ट आपण सत्संगात ऐकली आहे. भृगू वडिलांकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म काय ते सांगा म्हणतो. वरुण तप कर म्हणतात. भृगू तप करून येतो आणि त्याला पहिल्यांदा जे कळतं ते म्हणजे अन्न. मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. प्रत्येक वेळी तो परत येतो आणि प्रत्येक वेळी वडील पुन्हा तप करायला पाठवतात. आम्हाला या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. एक, पहिली पायरी अन्नाची आहे, ती हलकी समजू नये. दुसरी, उत्तर ठाऊक असूनही बापाने ते पोराच्या तोंडात कोंबलं नाही. तो पुन्हा भूक लागून येईपर्यंत थांबला. सद्गुरूही आपल्याला पचेल तेवढंच देतात, हे आपण दर गुरुवारी म्हणतो. मग घरातल्या सगळ्यात लहान माणसाला तेवढी सवलत का मिळू नये?

थांबायचं याचा अर्थ सोडून द्यायचं असा कुणी घेऊ नये. उलट चूक त्या बाजूलाही होते, आणि जास्त होते. सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालू ठेवायचंच, दोन वर्षं आणि पुढेही, पण ते एकटं पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी अन्नातून लागतात, नऊ महिन्यांनंतर सुमारे ३००, वर्षानंतर सुमारे ५५०. आणि पोट तर मुठीएवढं. म्हणून वरणाचं पाणी, भाताची पेज, असं पातळ देऊन काही साधत नाही. त्या पाण्यानेच पोट भरतं. चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळू नये इतकं घट्ट असावं. डाळीचं पाणी नको, डाळच घोटून द्या.

आपल्याकडे यासाठी काही विकत आणायची गरज नाही. नागली तर दोन्हीकडची, आपल्या नंदुरबारची आणि इकडे डांगची. तिचं सत्त्व किंवा लापशी, त्यात थोडं तूप. मऊ मूगडाळ-तांदळाची खिचडी. जळगावचं केळं कुस्करून. उकडलेला बटाटा, भोपळा, गाजर, पालक घोटून. ज्वारीची भाकरी डाळीत भिजवून मऊ करून. सुरुवात दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, मग तीनदा. हळूहळू वाटी वाढते. वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची गरज नाही. "अळणी कसं खाईल?" असं विचारणाऱ्याला मिठाची सवय आहे, बाळाला नाही. एखादी चव नाकारली तर चार दिवसांनी पुन्हा द्या. काही चवी आठ-दहा वेळा समोर आल्यावरच पसंत पडतात. आपणही कारलं असंच शिकलो.

आपली घरं शाकाहारी, म्हणून लोहाकडे जास्त लक्ष हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गुजरातमधल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ७९.७ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी सापडलं. दहातली आठ. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. आशाताई जे लोहाचं सिरप देतात ते कपाटात ठेवू नका. सिरपने शौच काळी होते म्हणून घाबरून बंद करणारी घरं बरीच आहेत. ती काळी होतेच, त्यात वावगं काही नाही. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी बालशक्तीची पाकिटं मिळतात, ती बाळाच्याच पोटात जाऊ देत. मोठ्यांच्या सुखडीत नकोत.

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा आम्हाला जास्त टोचतो. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेशा प्रकारचं आणि पुरेशा वेळा अन्न मिळणारी बाळं देशात शंभरात अकरा, आणि गुजरातमध्ये सुमारे सहा. जेवणासाठी नावाजलेल्या शहराच्या राज्यात सहा! हे फक्त गरिबीने होत नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट गरिबाच्या घरीही असतं आणि फ्लॅटमध्येही. ते लवकर होतं म्हणून असतं.

म्हणजे कमी पडतो तो वेळ. सहा महिन्यांच्या बाळाला नीट भरवायला अर्धा तास लागतो. दिवसातून तीनदा म्हणजे दीड तास. हा दीड तास घरात कुणाकडे आहे? दादा लूम्सवर बारा तासांच्या पाळीत. रात्रपाळी असेल तर दिवसा झोपलेले. ताई घरी आहेत असं आपण म्हणतो, पण त्या साडीवर स्टोन लावत असतात, धागे कापत असतात, नगावर पैसे मिळतात आणि संध्याकाळी माल न्यायला माणूस येतो. मग बाळ आठ वर्षांच्या ताईच्या मांडीवर, हातात बिस्कीट. आईला कुणी दोष देऊ नये. हिशेब मांडला की दिसतं, कमतरता प्रेमाची नाही, हातांची आहे.

म्हणून इथे आम्ही थोडं परखड बोलणार आहोत. आपल्यातले कितीतरी बंधू गुरुवारी केंद्रात सतरंज्या घालतात, भांडी घासतात, शंभर माणसांना वाढतात, पंगतीत कुणाला काय हवं ते न सांगता ओळखतात. तेच हात घरी गेल्यावर बाळाची वाटी का उचलत नाहीत? सेवेचा अर्थ समोरच्याच्या गरजेप्रमाणे वागणं असा असेल, तर सहा महिन्यांच्या बाळासमोर अर्धा तास बसणं, ते थुंकतं तेव्हा न चिडणं, तोंड उघडेपर्यंत चमचा हातात धरून थांबणं, याहून अवघड सेवा आम्हाला तरी माहीत नाही. इथे कुणी फोटो काढत नाही, हार घालत नाही. आजोबांनाही हे जमतं. हात धुवायचे, बाळाला टेकून बसवायचं, आणि त्याच्याकडे बघायचं, टीव्हीकडे नाही. आणि आजींना एक विनंती. ज्या सुनेला तुम्ही दिवसभर दूध पाजताना बघता, तिला निर्जळ उपास धरायला लावू नका. तिच्या अन्नातूनच बाळाचं अन्न होतं.

शेवटी केंद्रापुरतं ठरलेलं सांगतो.

यापुढे आरतीनंतर वर्षाच्या आतल्या बाळाच्या तोंडात तीर्थ, पंचामृत किंवा प्रसाद कुणीही घालणार नाही, वाटप करणारे साधकही नाही आणि ओळखीचे काका-काकूही नाहीत. प्रसाद आईच्या हातात द्यायचा. तिने बाळाच्या कपाळाला लावावा आणि स्वतः खावा. खडीसाखर, साखरफुटाणे, शेंगदाणे, चणे हा कोरडा प्रसाद पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात सुटा देऊ नये. दाणा श्वासनळीत अडकायला क्षण लागतो आणि गर्दीत, घंटेच्या आवाजात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. लहानांसाठी केळ्याचे मऊ तुकडे वेगळ्या ताटात असतील. आईने "नको" म्हटलं तर कारण विचारू नये.

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांचं उष्टावण महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी केंद्रात करता येईल. येताना बाळाची स्वतःची वाटी-चमचा उकळून आणा. अंगठीने चाटवायचं असेल तर ती आधी गरम पाण्यात धुवा आणि नंतर लगेच काढून घ्या, बाळाच्या हाताशी ठेवू नका. बाळ झोपेत किंवा तापात असेल तर पुढचा गुरुवार आहेच, मुहूर्त चुकला असं समजू नये. खीर मऊ भाताची असेल, साखर आणि मध न घातलेली. मामांनी हात धुऊन चमचा बाळाच्या ओठांपर्यंत न्यायचा आणि थांबायचं. बाळाने तोंड उघडलं तर घास. नाही उघडलं तर ती अळणी खीर मामांनी सगळ्यांसमोर संपवायची आहे.

॥ जय सद्गुरू ॥